फादर हेरास : धर्मगुरू आणि इतिहाससंशोधक

आपल्या भोसरीत मुलगा दहावी पास झाला की पहिली चर्चा आय.टी.आय.ची होते. कारखाने उंबऱ्याशी असल्यावर ते साहजिकच आहे. इतिहास घेऊन पोट भरते काय, असे पालक विचारतात. त्यांनी व विद्यार्थी मित्रांनी मुंबईच्या फादर हेन्री हेरास यांचे चरित्र जरूर वाचावे.

१८८८ साली स्पेनमध्ये जन्मलेले हे ख्रिस्ती धर्मगुरू १९२२ मध्ये मुंबईस आले व सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवू लागले. त्यांची एक आठवण सांगतात. कोणता इतिहास शिकवाल, असे विचारताच, मला कोणता येत नाही, असा उलट प्रश्न त्यांनी केला. भारताचा, असे उत्तर आले. मग तोच शिकवतो, म्हणाले! चौतिसाव्या वर्षी परक्या मुलखात पाटी कोरी करून बसणे सोपे नव्हे.

१९२६ मध्ये त्यांनी कॉलेजात इतिहास संशोधन संस्था काढली. १९२७ मध्ये विजयनगरच्या अरविडु घराण्यावरील ग्रंथ आला. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईबरोबर विजयनगर संपले, अशी अनेकांची समजूत असते. राज्य त्यानंतरही चालू होते. विद्यार्थ्यांना त्यांची शिस्त एकच : शिलालेख, नाणे, पत्र समोर ठेवा, मग बोला. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराइस यांचा कदंब राजांवरील ग्रंथ १९३१ मध्ये निघाला.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. हदीस सांगणारा रावी कोण, त्याने कोणाकडून ऐकले, हे आपले आलिम शतकानुशतके तपासत आले. अलिगढला शिकवणारे मौलाना शिबली नोमानी साधनांच्या शोधात १८९२ मध्ये तुर्कस्तान, शाम व मिसरपर्यंत गेले होते.

हेरास यांचा सर्वांत मोठा खटाटोप मात्र फसला, असेच म्हणावे लागते. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील लिपी द्राविडी भाषेची आहे, असे धरून त्यांनी ती वाचली व १९५३ मध्ये जाडजूड ग्रंथ छापला. विद्वानांनी ते वाचन स्वीकारले नाही; लिपी अजून अवाचितच आहे. पुराव्याचा आग्रह धरणारा गुरूही स्वतःच्या तर्काच्या मोहात पडला.

१४ डिसेंबर १९५५ रोजी ते मुंबईत वारले. १९८१ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. त्यांची संस्था आज हेरास यांच्याच नावाने, त्याच कॉलेजात आहे.