ग्रँड पोर्टेजचा वसंत

नदी जेथे नावेला वाट देईनाशी होते, तेथे नाव व माल पाण्याबाहेर काढून खांद्यापाठीवरून पुढील पाण्यापर्यंत न्यावा लागतो. अशा वाटेस फ्रेंच व्यापारी ‘पोर्टेज’ म्हणत. उत्तर अमेरिकेतील सुपीरिअर सरोवराच्या काठी, आजच्या मिनेसोटा राज्यात, अशी एक साडेआठ मैलांची वाट आहे. पिजन नदीचे अखेरचे धबधबे टाळण्यासाठी ओजिब्वे लोक ती वापरीत. ‘गिचि-ओनिगमिंग’, म्हणजे थोर वहनस्थान, हे तिचे नाव त्यांचेच. ‘ग्रँड पोर्टेज’ हा त्याचाच फ्रेंच अनुवाद होय.

आपल्याकडे चैत्रात नद्या आटतात. तेथे त्याच सुमारास त्या बंधमुक्त होतात. रात्री गोठणारे व दिवसा वितळणारे हवामान साधून ओजिब्वे लोक मेपल वृक्षाचा रस काढतात आणि तो आटवून साखर करतात. एप्रिलच्या चांद्रमासाचे नावच त्यांनी या कामावरून ठेवले आहे. वाटेवर मात्र गोडवा कमी. झाडांच्या सावलीत बर्फ रेंगाळते, सखल भागी चिखल माजतो, बीव्हर प्राण्यांनी घातलेल्या बांधांमागे पाणी तुंबते आणि मेअखेरीस चावऱ्या काळ्या माश्या उठतात.

नॉर्थ वेस्ट कंपनीच्या जुलैतील मेळाव्याची वर्णने पुष्कळ आढळतात. पण त्याचा मुहूर्त ठरविणारा वसंतच होता. बर्फ फुटल्यावर मे महिन्यात माँट्रिअलजवळून नावा निघत, आणि आतल्या प्रदेशांतील नावाडीही फरची गाठोडी घेऊन, पाणी मोकळे होताच, निघत. पोर्टेजवर प्रत्येक हमालाच्या पाठीवर नव्वद पौंडांची दोन गाठोडी असत.

१७८३ च्या तहाने सरहद्द या जलमार्गाने नेली, तेव्हा ही वाट अमेरिकेच्या बाजूस पडली. १८०३ मध्ये कंपनीने आपले ठाणे ब्रिटिश हद्दीत हलविले. पुढे १८४२ च्या वेब्स्टर-अ‍ॅशबर्टन तहाने ती उभय देशांच्या प्रजाजनांस खुली ठेवली. दुसऱ्याच्या भूमीतून जाण्याचा असा निर्वेध हक्क वकिलास मोलाचा वाटावा. मला मात्र त्या करारातले मौन अधिक खटकते. वाट ज्यांची, ते ओजिब्वे लोक त्यात पक्षकारच नव्हते. १८५४ च्या तहात ग्रँड पोर्टेजची भूमी त्यांच्यासाठी राखली गेली. तीतील जमीन त्यांनी दिली, म्हणून १९६० मध्ये येथे राष्ट्रीय स्मारक झाले. आणि १९९९ पासून, राष्ट्रीय उद्यान विभागाशी झालेल्या करारान्वये, स्मारकाच्या देखभालीचे काम त्यांच्याच जमातीकडे आहे.