कर्करोगाला मिळालेला अवधी

उपचार झालेच नाहीत तर कर्करोग कसा वाढतो? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राला मुख्यतः उपचाराविना राहिलेल्या माणसांच्या नोंदींतून मिळाले.

लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १७९२ मध्ये कर्करुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला गेला. असाध्य रुग्णांना तेथे अखेरपर्यंत आश्रय मिळे. या रुग्णालयातील १८०५ ते १९३३ या काळातल्या, स्तनाच्या कर्करोगावर उपचार न झालेल्या २५० स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. लक्षण दिसल्यापासून २.७ वर्षांत निम्म्या स्त्रिया मृत्यू पावल्या होत्या. १८ टक्के मात्र पाच वर्षांनंतरही जिवंत होत्या. रोग एकच, पण त्याची गती प्रत्येकीत निराळी.

शिवाय हाताला लागणारी गाठ हा रोगाचा आरंभ नसतो. १ सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे १ अब्ज पेशी असू शकतात. एका पेशीपासून तिथवर पोहोचण्यास पेशींची संख्या साधारण ३० वेळा दुप्पट व्हावी लागते. त्याच हिशेबाने आणखी १० वेळा दुप्पट झाल्यास गाठीचे वजन १ किलोच्या घरात जाईल. प्रत्यक्षात गाठ मोठी होत जाते तसा रक्तपुरवठा अपुरा पडून वाढ मंदावते. परंतु तोवर तिच्यातील पेशी रक्तावाटे वा लसिकेवाटे इतरत्र रुजलेल्या असू शकतात. रोगाचा मोठा काळ असा अदृश्यपणेच सरतो.

हा काळ किती दीर्घ असू शकतो, याचा एक पुरावा न्यूझीलंडमधून आला; त्याची किंमत मात्र रुग्ण स्त्रियांनी मोजली. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६६ पासून हर्बर्ट ग्रीन यांनी गर्भाशयमुखाच्या वरच्या थरापुरती मर्यादित असलेली कर्करोगपूर्व विकृती पूर्णपणे न काढता अनेक स्त्रियांना केवळ निरीक्षणाखाली ठेवले. आपण एका अभ्यासाचा भाग आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हते. १९८७-८८ मध्ये न्यायिक चौकशी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, केवळ तुकडा तपासून सोडून दिलेल्या १४३ स्त्रियांपैकी अंदाजे ३१ टक्के स्त्रियांना ३० वर्षांत कर्करोग झाला. योग्य उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते.

अनेक वर्षांचा हा अवधी रुग्णाच्या बाजूने वापरता येतो, हे महाराष्ट्रात दिसले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे चार गट पाडले गेले. तीन गटांत निरनिराळ्या पद्धतींनी एकदाच तपासणी झाली. चौथ्या गटाला केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली.

आठ वर्षांनंतरचे आकडे बोलके होते. एचपीव्ही विषाणूची चाचणी झालेल्या गटात कर्करोगाचे १२७ रुग्ण आढळले, चौथ्या गटात ११८. संख्या जवळपास सारखीच. पण पुढच्या टप्प्यात पोहोचलेले रुग्ण पहिल्या गटात ३९, तर चौथ्या गटात ८२ होते. मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ६४.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे तीव्र नैतिक आक्षेप घेतले गेले. ग्रामीण भागात अशी तपासणी होतच नसे, त्यामुळे या गटाला प्रचलित सेवाच मिळाली, असा प्रतिवाद झाला. तपासणीने जीव वाचतात हे इतर देशांत आधीच दिसले होते, हा आक्षेपकांचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठरवलेल्या उद्दिष्टानुसार २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व्या आणि ४५ व्या वर्षापर्यंत अशी प्रभावी तपासणी व्हायला हवी. कर्करोगाला मिळणारा अवधी किती, हे आता पुन्हा कुणाला उपचाराविना ठेवून शोधण्याची गरज उरलेली नाही. गरज आहे ती तपासणी गावोगावी पोहोचण्याची.