मनसबदार बालक: संभाजीराजांचा आग्र्याचा प्रवास

आग्र्याच्या नजरकैदेतून १७ ऑगस्ट १६६६ रोजी शिवाजी महाराज निसटले, तेव्हा त्यांच्याबरोबर नऊ वर्षांचे संभाजीराजे होते. शहराबाहेर घोडे तयार ठेवलेले होते. तिथून मथुरेपर्यंतची पन्नासेक किलोमीटरची मजल बापलेकांनी एकत्र मारली आणि मथुरेत त्यांची ताटातूट झाली. महाराज पुढे गेले, मुलगा मागे राहिला. मथुरेपासून राजगडापर्यंतचा हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा परतीचा प्रवास संभाजीराजांनी वडिलांशिवाय केला.

घरापासून लांब राहण्याची वेळ या मुलावर त्याआधीच आली होती. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सव्वादोन वर्षांनी आई सईबाई गेल्या आणि जिजाबाईंनी नातवाला वाढवले. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. बादशाही चाकरी स्वतः न करता ती मुलाच्या नावाने करण्याची सवलत महाराजांनी मिळवली, त्यामुळे पंचहजारी मनसब, म्हणजे मोगल दरबारातला हुद्दा, संभाजीराजांच्या नावे झाली. तहानंतर काही दिवसांतच आठ वर्षांच्या या मनसबदाराला मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंहांच्या छावणीत ओलीस म्हणून जावे लागले. किल्ले ताब्यात येईपर्यंत मुलगा छावणीत राहील, असा सरळ हिशेब होता. पाच हजारांची मनसब अर्थातच कागदावर होती. पण त्या कागदामुळे मुलाची प्रत्येक हालचाल राजकारणात मोजली जाऊ लागली.

५ मार्च १६६६ रोजी औरंगजेब बादशहाच्या भेटीसाठी राजगडावरून बापलेकांची स्वारी आग्र्याकडे निघाली. वाट औरंगाबादेवरून उत्तरेला जाणारी होती. बादशहाची भेट १२ मे रोजी झाली, म्हणजे प्रवासाला मुक्कामांसह दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. रोजची सरासरी वीस किलोमीटरच्या आसपास पडते. मराठा घोडदळाच्या दृष्टीने ही चाल संथ होती. पण ही मोहीम नव्हती. उंटांवर सामान, बरोबर पालख्या आणि ऐन उन्हाळा, अशी ती स्वारी होती. आंबेर दरबाराच्या चाकरीतल्या परकालदासाने आग्र्याहून लिहिलेल्या राजस्थानी पत्रांत या स्वारीचे प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन आहे. महाराजांबरोबर माणसे थोडीच, त्यांतले शंभरेक खासे बारगीर, महाराजांच्या पालखीला चांदीचा पत्रा, आणि बरोबर नऊ वर्षांचा गोरापान, अतिशय देखणा मुलगा. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. अशा लोकांत वाढणाऱ्या सरदारपुत्राची मांड लहानपणीच पक्की होत असे. भेटीनंतर दोनच दिवसांनी संभाजीराजांना नऊ वर्षे पूर्ण झाली.

बादशहाच्या भेटीत दरबारात झालेल्या अपमानानंतर महाराजांनी पुन्हा दरबारात जायचे नाकारले. मुलगा मात्र जयसिंहांचे पुत्र कुंवर रामसिंह यांच्याबरोबर जात राहिला. त्याचे तिथे जाणे-येणे चालू असल्यामुळे मोगलांशी असलेला धागा अगदी तुटला नाही. महाराजांच्या मुक्कामाभोवती कोतवाल फुलादखानाचा पहारा होता. तरीही मिठाईच्या पेटाऱ्यांतून बापलेक निसटल्याची हकीकत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे.

मुलाला मथुरेत ठेवण्याचा निर्णय कठोर वाटतो, पण त्या परिस्थितीत दुसरा शहाणपणाचा मार्ग नव्हता. महिना श्रावण, नद्यांना पूर आणि चौक्याचौक्यांवर शोध. शोधणाऱ्यांना हवे होते एक पुरुष आणि त्याच्याबरोबरचा नऊ वर्षांचा मुलगा. दोघे वेगळे झाले की ती खूणच पुसली जाई. महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांचे मेहुणे कृष्णाजी, काशी आणि विसाजी त्रिमल हे बंधू मथुरेत राहत होते. त्यांच्या घरी संभाजीराजांना ठेवले गेले.

महाराज कोणत्या वाटेने परतले याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. जदुनाथ सरकारांनी मांडलेली वाट प्रयाग, काशी आणि गयेकडून वळून गोंडवन आणि गोवळकोंड्याच्या मुलखातून राजगडाला येते. गोंडवन म्हणजे देवगड-चांद्याच्या गोंड राजांचा, दाट रानांचा मुलूख. आजचे नागपूर त्याच मुलखातले. देवगडच्या बख्तबुलंद शहाने ते शहर वसवले १७०२ च्या सुमारास, म्हणजे या प्रवासानंतर साडेतीन दशकांनी.

महाराज राजगडावर पोचल्यावर मुलगा वाटेत दगावल्याची बातमी पसरवण्यात आली. शोध थंडावल्यावर त्रिमल बंधूंनी संभाजीराजांना ब्राह्मणाच्या मुलाच्या वेषात दक्षिणेत आणले. चौकीवर संशय आला तेव्हा एका ब्राह्मणाने मुलाबरोबर एकाच ताटात जेवून तो आपलाच असल्याची खात्री पटवली, अशी कथा पुढे रूढ झाली. या कामगिरीबद्दल त्रिमल घराण्याला ‘विश्वासराव’ हा किताब आणि मोठे इनाम मिळाले. किताबाचे नाव अगदी योग्य होते, कारण हा सगळा प्रवास विश्वासावरच पार पडला होता. मुलगा वडिलांशिवाय आला, पण एकटा नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना पकडले गेल्यास आपला जीव जाईल हे पक्के ठाऊक असलेली माणसे होती.

लहान मुलांच्या लांब घोडेस्वारीची जगभर गाजलेली कहाणी अमेरिकेतली आहे. १९१० मध्ये ओक्लाहोमाचे लुई आणि टेंपल ॲबरनाथी हे दहा आणि सहा वर्षांचे भाऊ वडीलधाऱ्यांशिवाय घोड्यावरून न्यूयॉर्कला गेले. तिथे आफ्रिकेहून परतणाऱ्या थिओडोर रूझवेल्टच्या मिरवणुकीत ते सामील झाले. त्यांच्या वाटेवर गावोगाव स्वागत होत होते आणि वर्तमानपत्रे त्यांच्या बातम्या छापत होती. संभाजीराजांना मात्र आपण कोण आहोत हे शेवटच्या मजलेपर्यंत लपवावे लागले.

परतल्यावर वर्षभरात संभाजीराजे पुन्हा वाटेला लागले. मोगलांशी नवा समेट होऊन दहा वर्षांचे राजे १६६७ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी औरंगाबादेला शहजादा मुअज्जमच्या भेटीस गेले आणि थोडे दिवस राहून परतले. त्यांच्या मनसबीची चाकरी पुढे प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी यांनी स्वारांसह बजावली. मनसबीच्या खर्चासाठी वऱ्हाडात जहागीर मिळाली. पुढे बादशहाने आग्र्याच्या प्रवासासाठी आगाऊ दिलेले एक लाख रुपये याच जहागिरीतून वसूल करायचे ठरवले. त्या वसुलीने १६६९ मध्ये समेट मोडायला हातभार लावला.

वऱ्हाडाचा आणि या घराण्याचा संबंध पुढच्या पिढीत पुन्हा आला. संभाजीराजांचे पुत्र शाहू सात वर्षांचे असताना १६८९ मध्ये रायगडावर मोगलांच्या हाती सापडले आणि अठरा वर्षे कैदेत राहिले. १७०७ मध्ये सुटून ते दक्षिणेत आले, तेव्हा त्यांच्या काकू ताराबाई यांच्या पक्षाने त्यांना तोतया ठरवले. वऱ्हाडातले परसोजी भोसले शाहूंना जाऊन मिळाले. त्यांनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून त्यांच्या खरेपणाची ग्वाही दिली, असे नागपूरकर भोसल्यांच्या परंपरेत सांगतात. परसोजींना ‘सेनासाहेब सुभा’ हे पद मिळाले. त्यांच्याच घराण्यातल्या रघूजी भोसल्यांनी पुढे देवगडचे राज्य ताब्यात घेतले आणि बख्तबुलंदच्या नागपूरला आपली राजधानी केली.