मुलींच्या शाळेचा लौकिक

स्मरणिकेसाठी इतिहासपर काही लिहून द्यावे, असा मंडळाच्या चिटणिसांचा निरोप आला, त्याच आठवड्यात आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ आमच्या घरी आले. कन्येला शहरातील मुलींच्या एका माध्यमिक शाळेत घालावे असा त्यांचा मानस होता. शाळा नामांकित, जागा थोड्या, अर्ज पुष्कळ, आणि मुली निवडून घेतात अशी ख्याती. चहा होईपर्यंत ते इकडचे तिकडचे बोलले व मग म्हणाले, "गुरुजी, शाळेचा लौकिक कसा आहे, तेवढे सांगा."

हा प्रश्न आम्ही नोकरीच्या काळात शेकडो वेळा ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी 'चांगला आहे' किंवा 'बरा आहे' असे उत्तर देऊन मोकळे झालो आहो. परंतु लौकिक म्हणजे नेमके काय, तो कोण ठरवितो, आणि शाळा अगदी नवी असताना, म्हणजे लौकिक नावाची वस्तूच तिच्यापाशी नसताना, पालक कशाच्या भरवशावर मुलगी पाठवितात, याचा विचार कधी केला नव्हता. तो करू लागताच आमचे मन पुण्याच्या हुजूरपागेकडे गेले. आज त्या शाळेचे नाव घेतले तर कोणी चौकशी करीत नाही; परंतु एके काळी तिची चौकशी सबंध पुणे करीत होते.

पुण्यास मुलींची शाळा ही 1884 साली नवलाई राहिली नव्हती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्येच भिड्यांच्या वाड्यात मुलींना शिकविण्यास आरंभ केला होता, आणि 1870 पासून शिक्षिका तयार करण्याचे सरकारी विद्यालयही पुण्यात होते. नवी होती ती 'हायस्कूल' ही कल्पना. मुलींनी इंग्रजी शिकावे, इतिहास, भूगोल, गणित शिकावे, आणि मुलांप्रमाणे मॅट्रिकपर्यंत जावे, ही ती कल्पना. 1882 च्या हंटर कमिशनपुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली होती व स्त्रीशिक्षणाचा प्रश्न सरकारदरबारी ऐरणीवर आला होता. महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि शंकर पांडुरंग पंडित या मंडळींनी पुढाकार घेतला आणि 1884 च्या सप्टेंबरात शाळा निघाली. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा जेथे होती ती जागा पुढे शाळेस लाभली, म्हणून लोकांनी तिला हुजूरपागा म्हटले. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांचे नाव शाळेला दिलेले असूनही लोकांच्या तोंडी पागाच राहिली.

आता त्या वेळच्या एखाद्या बापाच्या जागी आपण उभे राहून पाहू. मुलगी मराठी इयत्ता संपवून इंग्रजी वर्गात बसण्याजोगी होई तोवर तिचे वय दहा-अकराच्या पुढे जाई. त्या वयापर्यंत बहुतेक घरांत मुलीचे लग्न होऊन गेलेले असे. म्हणजे शाळेने मुली निवडण्यापूर्वीच रूढीने त्या निवडून ठेवलेल्या असत. उरत त्या ज्यांचे वडील लग्न लांबविण्यास तयार, अथवा ज्यांच्या सासरची माणसे सुनेने शिकावे अशा मताची. शिवाय काही बालविधवा. एवढ्या बारीक चाळणीतून आलेल्या मुलींकडे पाहून गाव शाळेची परीक्षा करणार! एखादी मुलगी वडिलांसमोर मोठ्याने बोलली, तरी दोष शाळेचा.

पालकांनी प्रथम पाहिले ते शाळा काढणाऱ्यांकडे, आणि तेथे तर मोठा घोटाळा होता. सनातनी म्हणत, ही प्रार्थनासमाजाची माणसे, यांच्या हाती मुली कशा द्याव्या? सुधारक म्हणत, रानड्यांनी बोलल्याप्रमाणे केले कोठे? कारण पहिली पत्नी वारल्यावर 1873 मध्ये विधवेशी विवाह न करता, वडिलांच्या आग्रहास्तव त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले होते. त्याच मुलीला त्यांनी स्वतः शिकविले, आणि त्या रमाबाई रानडे यांनी 1884 मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर या हायस्कुलाच्या कार्यासाठी भर सभेत इंग्रजी लेख वाचून दाखविला. घरी आल्यावर वडीलधाऱ्या बायकांनी त्यांचा जो समाचार घेतला, तो त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. आम्हांला वाटते, हुजूरपागेच्या लौकिकाचा पहिला हिशेब या घरातल्या स्वयंपाकघरात झाला. संस्थापकाच्याच घरातील वडील बायकांना जे पटले नाही, ते शेजारच्या वाड्यातील बायकांना कसे पटावे? इतिहासाची पुस्तके सभांचे वृत्तान्त देतात. मुलगी शाळेत जाणार की नाही हे मात्र पुष्कळदा चुलीपाशी ठरत असे.

बाहेरचा विरोधही लहानसहान नव्हता. लोकमान्य टिळकांच्या 'मराठा' पत्रातून या शाळेवर व तिच्या अभ्यासक्रमावर कडक टीका झाली. शाळेची वेळ अकरा ते पाच; मग मुलीने घरकाम शिकावे केव्हा? इंग्रजी व गणित यांचा संसारात उपयोग काय? सकाळी किंवा संध्याकाळी दोन-तीन तास शाळा भरवून घरगृहस्थीस उपयोगी ते शिकवावे, असा त्या टीकेचा रोख होता. लोकमान्यांविषयी आमच्या मनात असलेल्या आदरास उणेपणा न आणता आम्ही म्हणतो की, या बाबतीत त्यांचे चुकले. परंतु त्यांनी मांडलेली शंका त्यांच्या एकट्याची नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बहुसंख्य पालकांच्या मनात जे होते ते छापून आले, इतकेच. उलट बाजूस आगरकर होते. मुलामुलींस एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, इथवर त्यांची मजल गेली होती. त्या मानाने केवळ मुलींची असलेली हुजूरपागा ही मधली वाट होती, आणि आमच्या समजुतीप्रमाणे तीच पालकांना मानवली.

त्यातच रखमाबाईंचा खटला उभा राहिला. बालपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे या शिकलेल्या स्त्रीने नाकारले. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, आणि 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा, नाही तर तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाई मुंबईच्या, पुण्याच्या शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण लोकांनी बोट दाखवायला संबंध लागत नाही. शिकलेली मुलगी नवऱ्याला सोडते, हा जणू सिद्धान्तच ठरला. पुढे 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा ठेवला गेला, त्याचे ग्रामण्य झाले, आणि रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. ज्यांच्या नावावर शाळा उभी, त्यांनाच ब्रह्मवृंदापुढे जाब द्यावा लागला. अशा वेळी मुलगी शाळेतून न काढणाऱ्या बापांची नावे इतिहासात आलेली नाहीत. ती यावयास हवी होती.

लौकिक किती पातळ बर्फावर उभा असतो, हे याच पुण्यात दुसऱ्या एका संस्थेने अनुभविले. पंडिता रमाबाईंनी 1889 च्या मार्चात मुंबईस काढलेले शारदासदन पुढे पुण्यास आले. तेथे बालविधवांची सोय होती. महर्षी कर्वे यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई तेथेच शिकल्या. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा संस्कार होतो अशी बोलवा उठली, तेव्हा 1893 मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. आत शिकविणे पूर्वीसारखेच चांगले होते. तरी वर्ग ओस पडले. बाईंचा बाजू मांडण्याचा हक्क आम्ही नाकारीत नाही, आणि पालकांची भीती खोटी होती असेही म्हणत नाही, कारण काही मुलींनी पुढे खरोखरच धर्मांतर केले. पण नेलेल्या मुलींचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले काय?

निवड करणाऱ्या शाळेचे आणखी एक अंग आहे, आणि त्यासाठी थोडे बंगालकडे पाहिले पाहिजे. कलकत्त्यास 7 मे 1849 रोजी बेथून साहेबांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा 21 मुली आल्या. शाळा फक्त प्रतिष्ठित हिंदू घराण्यांतील मुलींकरिता होती; किंबहुना हाच तिचा लौकिक, आणि याच अटीवर भद्रलोक मुली पाठवीत. मुली आणण्यास गाडी ठेवली होती व तिच्यावर मुलीलाही यत्नपूर्वक शिकवावे अशा अर्थाचे संस्कृत वचन रंगविले होते. ईश्वरचंद्र विद्यासागर पुढे शाळेचे चिटणीस झाले. पंडित मदनमोहन तर्कालंकार यांनी आपल्या दोन मुली धाडल्या, त्यापायी त्यांना बहिष्कार सोसावा लागला. ही सर्व गोष्ट थोर आहे. परंतु याच नियमामुळे चंद्रमुखी बोस या ख्रिस्ती मुलीला तेथे प्रवेश नाकारला गेला. तिने अन्यत्र अभ्यास केला, नियम पुढे सैल झाला, आणि 1883 साली कादंबिनी बोस हिच्याबरोबर ती पदवीधर झाली. पुढे हीच चंद्रमुखी बेथून कॉलेजची मुख्य झाली! निवडीच्या नियमाने शाळेची अब्रू राखली असेल. पण तो नियम जर कायम राहता, तर शाळेला आपली सर्वांत थोर बाई मिळाली नसती.

असो. पुण्यास परतू. हुजूरपागेचा लौकिक केव्हा पक्का झाला, याची तारीख कोणी सांगू शकणार नाही. पण तो पक्का झाल्याची एक खूण आम्हांस ठाऊक आहे. ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे 1905 मध्ये गणेश हरी करमरकर या अभियंत्यास कन्या झाली. तेथील नदीवरून तिचे नाव इरावती ठेविले. ती सात वर्षांची झाली तेव्हा बापाने तिला समुद्रापलीकडून पुण्यास हुजूरपागेच्या वसतिगृहात धाडले. ज्या शाळेत गल्लीतला बाप मुलगी घालण्यास कचरत असे, तेथे अठ्ठावीस वर्षांनंतर सातासमुद्रापलीकडचा बाप आपले लहान लेकरू निर्धास्त ठेवतो. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी तिला दुसरे घर लाभले, आणि बर्लिनची डॉक्टरेट घेऊन ती विदुषी इरावती कर्वे झाली, हे वाचकांस सांगणे नको. आमचे लक्ष कन्येपेक्षा करमरकरांकडेच अधिक जाते. त्यांनी काय विचारले असेल? कोणाला विचारले असेल? निकाल किती टक्के लागतो, हे विचारले नसणार, एवढे खास.

ज्ञातीच्या इतिहासात अशा कथा आपल्याला अभिमानाने सांगता आल्या असत्या तर आम्हांला आनंद झाला असता. आमच्या घरची कथा निराळी आहे. आमच्या आत्याबाई बुद्धीने तल्लख. मराठी चौथीत तालुक्यात पहिल्या आल्या. 1942 मध्ये आजोबांच्या मनात आले की तिला शहरी हायस्कुलात, बोर्डिंगात ठेवावी. शाळेचे नाव येथे देत नाही. आजोबा सावध मनुष्य. त्यांनी तीन ठिकाणी पत्रे टाकून शाळेचा लौकिक विचारला. एक वकील, एक वैद्य, आणि एक नात्यातले कारकून. आजोबांच्या मागे त्यांच्या ट्रंकेत ही उत्तराची तिन्ही कार्डे आम्हांस सापडली. वकिलांनी लिहिले की शाळा उत्तम, परंतु खर्च पेलवेल काय ते पाहावे. वैद्यांनी लिहिले की शिक्षण चांगले, मात्र तेथील मुली चारचौघांत नवऱ्याचे नाव घेतात असे ऐकतो. कारकुनांचे कार्ड उशिरा आले. त्यांनी स्वतः जाऊन शाळा पाहिली होती. विहिरीचे पाणी, जेवण, बाईंचे मुलींशी बोलणे, आजारी मुलीला कोण पाहते, सर्व बारीक अक्षरांत लिहून शेवटी 'अवश्य धाडावी' असे होते. त्यावर टपालाचा शिक्का आषाढातला. शाळा ज्येष्ठातच सुरू होऊन जागा भरल्या होत्या. पुढील वर्षी पाहू, असे ठरले, आणि पुढील वर्षी आत्याबाईंचे लग्न झाले.

त्या गृहस्थांना आम्ही ही तिन्ही कार्डे दाखविली. त्यांनी कारकुनांचे कार्ड दोन वेळा वाचले. मग आम्ही त्यांस म्हणालो, आम्हांला विचारू नका. आम्ही त्या शाळेत पाऊल ठेवून वीस वर्षे झाली. संध्याकाळी शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी जाऊन उभे राहा, मुली कशा बाहेर पडतात ते पाहा, दोघी-तिघींच्या आयांशी बोला, आणि मुलीला बरोबर न्या. तिला काय वाटते तेही विचारा. अर्जाची शेवटची तारीख मात्र आधी पाहून घ्या.

ते गुरुवारी गेले. कन्या बरोबर होती. शनिवारी अर्ज भरल्याचा त्यांचा फोन आला.