बुलढाण्याहून मुंबईला निघालात? मग राजधानीचा नकाशा आधी समजून घ्या

मलकापूर किंवा शेगाव स्टेशनवरून मुंबईच्या गाडीत बसणारा प्रत्येक जण फिरायला निघालेला नसतो. कुणाच्या पिशवीत टाटा हॉस्पिटलचे रिपोर्ट असतात, तर कुणाकडे मंत्रालयात अडकलेल्या फाईलचा नंबर. अशा वेळी चुकीच्या स्टेशनवर उतरलं, तर अख्खा दिवस वाया जातो. मुंबई अवाढव्य असली तरी तिची रचना समजायला तशी सोपी आहे. ती कशी, ते पाहू.

मुंबईचं केंद्र मध्यावर नाही, टोकाला आहे

आपल्याकडे गावाच्या मध्यभागी बाजार किंवा बसस्टँड असतं आणि चारही बाजूंना वस्ती वाढते. मुंबईत तसं झालं नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदर आणि ठाण्याची खाडी. शहराला वाढायला जागा उरली ती फक्त उत्तरेला.

कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशी मूळची सात बेटं भराव घालून जोडली गेली. इंग्रजांचा किल्ला आणि बंदर दक्षिणेच्या टोकाकडे होतं. त्यामुळे हायकोर्ट, विधानभवन आणि मंत्रालय आजही तिथेच आहेत.

मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांचं क्षेत्रफळ मिळून ६०३ चौरस किलोमीटर. एकट्या बुलढाणा जिल्ह्याचं ९,६६१. म्हणजे आपल्या जिल्ह्यात अशा सोळा मुंबई बसतील. लोकसंख्या मात्र उलट आहे. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सुमारे २६ लाख लोक होते, तर मुंबईत १ कोटी २४ लाख.

कल्याण आलं म्हणजे मुंबई आली नाही

विदर्भातून येणारी गाडी कसारा घाट उतरून कल्याणला पोहोचते. तिथून सीएसएमटी अजून सुमारे ५४ किलोमीटर लांब आहे. कल्याण आणि ठाणे ही ठाणे जिल्ह्यातली वेगळी शहरं आहेत. नवी मुंबई तर खाडीपलीकडे आहे. मुलुंडपासून पुढे मुंबई सुरू होते.

आणखी एक गोष्ट म्हणजे काही गाड्या सीएसएमटीला न जाता कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. त्यामुळे तिकिटावरचं शेवटचं स्टेशन नीट वाचा.

तीन लाईन लक्षात ठेवा

मुंबईकर पत्ता सांगताना आधी स्टेशन सांगतात.

- मध्य रेल्वे: सीएसएमटी, दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण.
- पश्चिम रेल्वे: चर्चगेट, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विरार.
- हार्बर: सीएसएमटी, कुर्ला, वाशी, पनवेल.

मध्य आणि पश्चिम या दोन्ही लाईन दादरला भेटतात. लाईन बदलायची तर दादर सोयीचं.

उपनगरात प्रत्येक स्टेशनला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू असतात. म्हाडाचं मुख्य कार्यालय आणि उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. चुकून पश्चिमेला उतरलात, तर पूल ओलांडून परत यावं लागतं.

दोन नेहमीची कामं

टाटा हॉस्पिटल: कागदावर परळ लिहिलंय की खारघर, हे आधी बघा. मुख्य रुग्णालय परळला आहे. तिथे जायचं तर दादरला उतरा. पुढे टॅक्सी करा किंवा धीम्या लोकलने एक स्टेशन पुढे परळला जा. टाटाचंच दुसरं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. तुमची गाडी ठाण्याला थांबत असेल, तर तिथे उतरून पनवेल लोकलने खारघर गाठता येतं. त्यासाठी दादरपर्यंत जायची गरज नाही.

मंत्रालय: सर्वात जवळचं लोकल स्टेशन चर्चगेट. पण सीएसएमटीला उतरलात तर तिथून बस, टॅक्सी किंवा भुयारी मेट्रोने विधानभवन स्टेशनपर्यंत जाता येतं.

आणि हो, दादर, परळ, सीएसएमटी या भागात ऑटोरिक्षा मिळणार नाही. पश्चिमेकडे वांद्रे आणि मध्यकडे सायन इथपर्यंतच रिक्षा चालतात. त्याच्या दक्षिणेला टॅक्सी, बस किंवा लोकल.

निघण्याआधी हे लिहून घ्या

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बुलढाण्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हाही राजधानी मुंबईच राहिली. तेव्हापासून मोठ्या कामासाठी आपल्याला सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो.

म्हणून घरातून निघतानाच कागदावर तीन गोष्टी लिहा: लाईन कोणती, स्टेशन कोणतं, बाजू पूर्व की पश्चिम. मोबाईलची बॅटरी संपली तरी हा कागद तुम्हाला मुक्कामी पोहोचवेल.