लोह्याचा काळा दगड आणि मॉरिशसची बेटे

आमच्या लोह्याकडे विहीर खणायची तर काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. सुरुंग लावल्याशिवाय तो फुटत नाही. हा दगड आला कोठून, याचा शोध घेत वाचत गेलो आणि पोचलो थेट हिंदी महासागरातल्या मॉरिशसला.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उत्तरेकडे सरकणारा भारताचा भूखंड पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्थानावरून गेला. तिथून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार झाले. भूखंड पुढे सरकला आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, असा तिचा क्रम भूशास्त्रज्ञ लावतात. मॉरिशसचे वय ८०-९० लाख वर्षे. रियुनियनचा ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे आमच्या विहिरीतला पाषाण आणि मॉरिशसच्या उसाच्या शेतांतून वेचून रचलेले काळे धोंडे एकाच चुलीतले.

नकाशात मॉरिशस म्हणजे एक ठिपका दिसतो. प्रत्यक्षात हे राष्ट्र विखुरलेले आहे. मुख्य बेट सुमारे १,८६५ चौ. कि.मी.चे, त्यावरचे सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे. पूर्वेला सुमारे ५६० कि.मी.वर रॉड्रिग्स. ईशान्येला सेंट ब्रँडनची प्रवाळबेटे. उत्तरेला हजार कि.मी.हून दूर अगालेगाची जोडबेटे. तिथे भारताच्या साहाय्याने बांधलेल्या धावपट्टीचे उद्घाटन २०२४ साली झाले.

या काळ्या धोंड्यांशी मराठी हातांची ओळख जुनी आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजाने गिरमिटियांची तुकडी पोर्ट लुईला उतरवली. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख मजूर तिथे गेले. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांत कोकणातले बहुसंख्य होते. त्यांच्या वंशजांची घरची बोली आज क्रिओल आहे, तरी गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते आणि मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. जिथे मजूर उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे.

पण बेटे जशी लाव्ह्याने घडतात, तशी ती कागदाने तुटतातही. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळाले १२ मार्च १९६८ रोजी. त्याआधीच, १९६५ मध्ये, ब्रिटनने सुमारे २,००० कि.मी. दूरचा चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून वेगळा काढला आणि मोबदला म्हणून ३० लाख पौंड दिले. दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या नारळबागांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या दीड-दोन हजार माणसांना बेटे सोडावी लागली. मागे राहिलेली त्यांची कुत्रीसुद्धा मारून टाकण्यात आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही फारकत बेकायदा असल्याचे मत दिले. २२ मे २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. चागोस मॉरिशसचे, पण दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनकडे, असे त्यात ठरले. ‘आम्हाला कोणी विचारले?’ ही विस्थापितांची तक्रार मात्र तशीच आहे.

मराठवाड्याच्या माणसाला कागदावरची रेघ नवी नाही. १९५६ साली हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटले गेले. बीदर एकीकडे, आदिलाबाद दुसरीकडे, नांदेड तिसरीकडे. पण रेघ हलली तरी माणूस आपल्या विहिरीपाशी राहिला. चागोसमध्ये रेघेबरोबर माणूसच उचलला गेला. म्हणून त्या बेटांचा भूगोल सांगताना लांबी, रुंदी, उंची सांगून भागत नाही. तिथे कोण राहत होते, हेही सांगावे लागते.