रेकॉर्डिंग वाजताना मधेच ‘कट्’ का होतं? म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅक आणि एडिटिंगचं काय पाहायचं?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर भजनं म्हणत विदर्भातली गावं जागी केली. त्या भजनाची परंपरा आजही सुरू आहे. फरक एवढाच, की आता भजन संपायच्या आत त्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो. बऱ्याच मंडळांना त्यापुढे जाऊन नीट रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकायचं असतं. अडचण तिथे सुरू होते.

उदाहरणासाठी वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाट तालुक्यातलं अल्लीपूर घेऊ. समजा, तिथल्या एका मंडळाने घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. सामान काय, तर एक लॅपटॉप, दोन माइक, माइक लॅपटॉपला जोडणारा एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि एक शांत खोली. मंडळातल्या सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांना काही जुन्या चाली येतात, ज्या दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. त्यांचा दम एकदाच टिकणार. ते जीव ओतून गायले आणि नंतर ऐकलं तर आवाजात मधेमधे ‘कट्, कट्’. आता काय करायचं?

सॉफ्टवेअरमध्ये हजार इफेक्ट आहेत का, हा प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टी पाहायच्या. ते न अडखळता रेकॉर्ड करतं आणि वाजवतं का? आणि एडिटिंग करताना मूळ आवाज शाबूत ठेवतं का?

आधी हे सॉफ्टवेअर म्हणजे काय?

गाणं रेकॉर्ड करणं, कापणं, जोडणं, आवाजांचा मेळ घालणं ही सगळी कामं एकाच ठिकाणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन’ म्हणतात. तोंडी भाषेत ‘डॉ’. एफएल स्टुडिओ, रीपर, प्रो टूल्स, गॅरेजबँड ही त्यातली काही नावं.

१९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मिळायची. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून गायचं, कारण कापाकापी शक्यच नव्हती. पुढे चुंबकीय टेप आली. ती ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडता यायची, पण कापलेली टेप कापलेलीच राहायची. संगणक आल्यावर पहिल्यांदाच मूळ रेकॉर्डिंगला हात न लावता हवी तशी कापाकापी करता यायला लागली.

‘कट् कट्’ येतं कुठून?

यासाठी ‘बफर’ समजून घ्यावा लागतो. घरातली पाण्याची टाकी आठवा. नळाला पाणी कमीजास्त आलं तरी टाकी भरलेली असेल तर खाली धार सलग पडते. संगणकाचंही तसंच. तो आवाज थेंबाथेंबाने देत नाही, छोट्या टाकीत साठवून देतो. ही टाकी म्हणजे बफर. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला आणि टाकी रिकामी झाली की आवाज तुटतो. तोच आपल्याला ‘कट्’ असा ऐकू येतो.

मग टाकी मोठीच ठेवावी ना? ठेवता येते, पण मोठी टाकी भरायला वेळ लागतो. म्हणजे गायल्यानंतर तो आवाज हेडफोनमध्ये उशिरा पोहोचतो. या उशिराला ‘लेटन्सी’ म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने रेकॉर्डिंग चालू असेल तर एका बफरचा हिशोब असा:

- १२८ नमुने: सुमारे २.७ मिलिसेकंद
- २५६ नमुने: सुमारे ५.३ मिलिसेकंद
- १०२४ नमुने: सुमारे २१.३ मिलिसेकंद

आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंतचा एकूण वेळ याहून जास्त भरतो. तुलनेसाठी पाहा: हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे २१ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे सात मीटर लांब बसलेल्या माणसाचा ठेका ऐकत गाण्यासारखं. हेडफोन लावून आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गाणाऱ्याला हे खटकतं.

पण आपलं भजनी मंडळ तर समोरासमोर बसून एकत्र गातंय. कुणालाच स्वतःचा आवाज सॉफ्टवेअरमधून ऐकायचा नाही. अशा वेळी उशिराची काळजी करण्याचं कारणच नाही. बफर बिनधास्त १०२४ ठेवा, रेकॉर्डिंग तुटण्याची शक्यता खूप कमी होईल. नवखे लोक ‘लेटन्सी कमी असावी’ असं कुठेतरी वाचून बफर ६४ वर नेतात आणि नको तिथे धोका पत्करतात.

आणि हेडफोनवर ऐकणं गरजेचंच असेल तर? बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटरिंग’ची सोय असते. त्यात माइकचा आवाज संगणकाला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र रेकॉर्डिंगला वापरू नका. त्यातला उशीर १०० ते २०० मिलिसेकंदांच्या घरात किंवा त्याहून जास्तही असतो.

आवाज फाइलमध्ये तुटलाय की फक्त वाजताना?

घाबरून जाण्याआधी ही सोपी चाचणी करा. तोच भाग तीन-चार वेळा वाजवा.

- ‘कट्’ दर वेळी वेगळ्या ठिकाणी येत असेल, तर रेकॉर्डिंग बहुधा ठीक आहे. फक्त लॅपटॉपला वाजवताना दम लागतोय. बफर वाढवा, बाकीचे प्रोग्रॅम बंद करा.
- ‘कट्’ दर वेळी नेमक्या त्याच ठिकाणी येत असेल, तर तो फाइलमध्येच आहे. रेकॉर्डिंगच्या वेळीच तेवढा आवाज गेला. तो परत येत नाही, फार तर झाकता येतो.

पहिल्या प्रकारात आणखी एक दिलासा आहे. गाणं अंतिम फाइल म्हणून बाहेर काढताना, म्हणजे ‘एक्स्पोर्ट’ करताना, सॉफ्टवेअरला वेळेत वाजवण्याची घाई नसते. लागेल तेवढा वेळ घेऊन ते काम करतं. म्हणून वाजताना अडखळणारा प्रोजेक्ट एक्स्पोर्ट केल्यावर बहुतेक वेळा स्वच्छ निघतो.

म्हणूनच आजोबांना गायला बसवण्याआधी पाच मिनिटं नुसतं बोलून रेकॉर्ड करा, ऐका आणि मगच मुख्य रेकॉर्डिंग सुरू करा.

वर्ध्याचा उन्हाळा आणि लॅपटॉप

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सकाळी सुरळीत चाललेला प्रोजेक्ट दुपारी अडखळायला लागतो, तेव्हा दोष सॉफ्टवेअरचा असेलच असं नाही. त्यात लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतो आणि त्याचा आवाज माइकमध्ये येतो तो वेगळाच. उन्हाळ्यात रेकॉर्डिंग पहाटे किंवा रात्री ठेवा. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा आणि माइकपासून लांब ठेवा.

विंडोज वापरत असाल तर आणखी तीन गोष्टी करा. पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करा आणि इंटरफेसच्या कंपनीने दिलेला ‘आसिओ’ ड्रायव्हर टाका. श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये आणलेला हा मार्ग आवाज कमी वळशाने सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचवतो. अॅपलच्या मॅकमध्ये ‘कोअर ऑडिओ’ ही व्यवस्था आधीच असते.

सूर आपोआप चढला कसा?

आवाज सेकंदाला किती वेळा मोजला, त्याला ‘सॅम्पल रेट’ म्हणतात. सीडीसाठी तो ४४,१०० आणि व्हिडिओसाठी सहसा ४८,००० असतो. ४४,१०० ला रेकॉर्ड केलेली फाइल चुकून ४८,००० च्या वेगाने वाजली तर गाणं जवळपास ९ टक्के जलद होतं आणि सूरही चढतो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी एकमध्ये गायलेलं भजन पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन पोहोचतं. चांगलं सॉफ्टवेअर असा फरक ओळखून फाइल आपोआप बदलून घेतं. तरी यूट्यूबवरच टाकायचं असेल तर सुरुवातीपासून सगळीकडे ४८,००० ठेवणं सोयीचं.

त्यासोबत ‘२४ बिट’ निवडा. आवाजाची पातळी जास्तीत जास्त उणे १२ डेसिबलपर्यंत जाऊ द्या. खंजिरीची थाप अचानक मोठी येते. पातळी शून्याच्या वर गेली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्ण दुरुस्त होत नाही. कमी पातळीवरचा आवाज मात्र नंतर सहज वाढवता येतो.

एडिटिंग: कापा, पण मूळ राखून

एडिटिंगचे दोन प्रकार आहेत. एकात फाइलच बदलते. दुसऱ्यात फाइल तशीच राहते आणि ‘इथून इथपर्यंत वाजव, इथे आवाज कमी कर’ अशा सूचना तेवढ्या प्रोजेक्टमध्ये लिहिल्या जातात. दुसऱ्या प्रकाराला ‘नॉन-डिस्ट्रक्टिव्ह’ म्हणतात. आजोबांचा खोकला कापताना चुकून शब्दही कापला गेला, तर महिन्याभरानेही ती कड ओढून शब्द परत आणता येतो.

मोफत मिळणाऱ्या ऑडॅसिटीचं उदाहरण घ्या. २००० मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये अनेक वर्षं काटछाट कायमची व्हायची. २०२१ च्या ३.१ आवृत्तीपासून कापलेला भाग कड ओढून परत आणता येऊ लागला. २०२२ च्या ३.२ आवृत्तीत मूळ आवाज न बदलता इफेक्ट लावण्याची सोय आली. म्हणून जुनी आवृत्ती वापरत असाल तर आधी अपडेट करा.

आणखी काही सोयी पाहून घ्या:

- क्रॉसफेड: दोन तुकडे जोडताना एकाचा आवाज उतरत जातो आणि दुसऱ्याचा चढत जातो. त्यामुळे सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येत नाही.
- कॉम्पिंग: एकच कडवं तीनदा गाऊन घ्यायचं आणि प्रत्येकातली चांगली ओळ निवडून एक पूर्ण कडवं तयार करायचं.
- फ्रीझ: जास्त इफेक्ट लावलेला ट्रॅक तात्पुरता तयार आवाजात बदलून प्रोसेसरवरचा भार कमी करायचा. प्लेबॅक अडखळत असेल तर हा हमखास उपाय.
- ऑटोसेव्ह: वीज कधीही जाऊ शकते. दर पाच मिनिटांनी प्रोजेक्ट आपोआप सेव्ह होईल असं सेटिंग करा.

भजनाच्या बाबतीत दोन पथ्यं पाळावी लागतात. पहिलं, भजनाची लय हळूहळू चढत जाते. सॉफ्टवेअरमधली ‘ग्रिड’ ठरावीक लयीचे चौकोन आखते आणि ‘क्वांटाइझ’ केलं की प्रत्येक थाप त्या चौकोनात नेऊन बसवते. मग भजनाची चढती लयच मारली जाते. म्हणून ग्रिडला चिकटण्याचा ‘स्नॅप’ हा पर्याय बंद ठेवा आणि कानाने कापा.

दुसरं, सूर दुरुस्त करणारी साधनं साधारणपणे १२ ठरावीक सुरांकडे आवाज ओढतात. जोरात लावली तर मींड आणि हरकती सपाट होतात. शिवाय पेटी किंचित चढी किंवा उतरती लावलेली असेल, तर दुरुस्त केलेला गळाच पेटीशी बेसूर वाटतो. सगळे एकाच खोलीत गायले असतील तर गायकाच्या माइकमध्ये पेटीही आलेली असते. तिथे हे साधन न वापरलेलंच बरं.

मग सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?

- ऑडॅसिटी: मोफत. साधं रेकॉर्डिंग आणि काटछाट यासाठी पुरेसं.
- रीपर: हलकं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. ६० दिवस वापरून पाहता येतं. वैयक्तिक वापराचा सवलतीचा परवाना ६० डॉलरला मिळतो.
- गॅरेजबँड: अॅपलच्या मॅक आणि आयफोनवर मोफत.
- बँडलॅब: मोबाइल आणि ब्राउझरवर मोफत. लॅपटॉप नसेल तर सुरुवात इथून करता येते.
- एफएल स्टुडिओ: बीट आणि रिमिक्स करणाऱ्यांचं आवडतं. एकदा विकत घेतलं की पुढची अपडेट मोफत. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रायल आवृत्तीत प्रोजेक्ट सेव्ह होतो, मात्र विकत घेईपर्यंत तो पुन्हा उघडता येत नाही.

समोरासमोर बसून गाणाऱ्या मंडळासाठी रीपर किंवा नवी ऑडॅसिटी पुरेशी आहे.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: प्रत

प्रोजेक्ट फाइल म्हणजे अनेकदा नुसती सूचनांची यादी असते. आवाजाच्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. फक्त प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर नेली तर दुसऱ्या लॅपटॉपवर ‘फाइल सापडली नाही’ एवढंच दिसतं. म्हणून पूर्ण फोल्डर कॉपी करा.

एक माइक, २४ बिट, ४८,००० या हिशोबाने तासाभराचं रेकॉर्डिंग ५२० एमबीच्या आसपास होतं. दोन माइकचं साधारण एक जीबी. एवढी जागा आज महाग नाही. तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा दुसऱ्याच्या घरी. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर आवाज दाबला जाऊ शकतो.

थोडक्यात

- एकत्र गाताना बफर मोठा ठेवा.
- आधी पाच मिनिटांचं चाचणी रेकॉर्डिंग करून ऐका.
- ४८,०००, २४ बिट, पातळी उणे १२ डेसिबलपर्यंत.
- मूळ फाइल न बदलणारं एडिटिंगच वापरा.
- पूर्ण फोल्डरच्या तीन प्रती ठेवा.

इफेक्ट पुढच्या वर्षीही लावता येतील, मिक्सिंग पुन्हा करता येईल. ती जुनी चाल माहीत असलेला गळा मात्र पुढच्या वर्षी गाईलच याची खात्री नसते. म्हणून आधी मूळ आवाज स्वच्छ घ्या आणि जपून ठेवा.